शंभरावं डोकं

तांबडमाळात लग्नाला हजार पान उठतं. कुस्त्यांच्या फडाला पाय ठेवायला जागा उरत नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं उभं राहून अर्धं गाव डोळे पुसतं. पण झेंडावंदन झालं की तेच गाव हातातली जिलेबी चाटत घरी जातं आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर उरतात सरपंच, त्यांची सात-आठ माणसं, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि मालन शेडगे.

कायदा म्हणतो, ग्रामसभेला शंभर डोकी पाहिजेत. नाही भरली तर सभा तहकूब करायची आणि आठ दिवसांनी पुन्हा घ्यायची. खुबी पुढंच आहे. या तहकूब सभेला डोक्यांची अटच नाही. चौघं आले तरी चालतात, आणि ते चौघं जे ठरवतील ते साऱ्या गावानं ठरवलं असं धरतात. त्यामुळं तांबडमाळात पहिली सभा ही मोडण्यासाठीच भरायची. दुसरीला सरपंचांची माणसं यायची, चहा व्हायचा, ठराव व्हायचे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, ते हेच. आणि हे मालनकाकूंना कुणी सांगायला नको होतं, कारण गावात दळायचं काम त्यांचंच होतं.

काकूंची गिरणी चावडीला लागून. तीस वर्षं गावाचं जोंधळं-गहू दळलं आणि प्रत्येक डब्याबरोबर सभेची तारीख दिली. "येतो की काकू," म्हणून माणूस डबा डोक्यावर घेऊन जायचा तो गेलाच. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा हणमंतराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, ते तर चावडीची पायरीसुद्धा चढले नाहीत कधी. "तुज्या एकटीनं काय देश चालतोय व्हय?" म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

खरं सांगायचं तर काकूंना आताशा काही वाटेनासं झालं होतं. पहिल्यांदा मत दिलं तेव्हा लग्नातला शालू नेसून गेल्या होत्या, बोटावरची शाई दोन दिवस कुणाला लागू दिली नव्हती. देश म्हटलं की अंगावर काटा यायचा. आता देश म्हटलं की गुडघे दुखायचे. सभेला जायच्या, कारण जायची सवय होती. रोज मरे त्याला कोण रडे, तशातली गत.

आणि मग त्यांच्याच लेकीनं तो शोध लावला.

* * *

सुनेत्रा पुण्याला मेंदूच्या संशोधनात होती. दिवाळीला आली ती एक छोटी निळी कुपी घेऊन. स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि आईच्या हातातला चकलीचा साचा बाजूला ठेवून म्हणाली, "आई, तुझी सभा भरणार."

"कुणी सांगितलं? भगतानं?"

"थट्टा नको. ऐक. शेजारच्याचं पोर रडलं तर तुला ऐकू येतं. पण मी रडले की तू धावायचीस. बरोबर? आपल्या मेंदूत आपलं आणि परकं यांच्यामध्ये एक कुंपण असतं. बाळंतपणात अंगात एक रस तयार होतो, तो बाळाला त्या कुंपणाच्या आत घेतो. आम्ही त्या रसाचा एक चुलतभाऊ बनवलाय. नाकात दोन थेंब टाकायचे. वास येतो त्या नसांवरून तो थेट मेंदूत जातो. आणि तेवढ्या वेळात समोर झेंडा असेल, राष्ट्रगीत असेल, तर अख्खा देश कुंपणाच्या आत येतो. पोटच्या पोरासारखा."

काकू बघतच राहिल्या. "आणि मग?"

"मग माणूस धावतो. मत द्यायला, सभेला, रक्त द्यायला. तीन शहरांत करून पाहिलंय. पाच-सहा तास टिकतं, मग कुंपण पुन्हा जागेवर. अपाय नाही. शंका घेणारा भाग तेवढा वेळ जरा झोपतो, बस्स. साहजिकच आहे. आपल्या लेकरावर कुणी संशय घेतं का?"

"मी तर तुझं दप्तर रोज तपासायचे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा साचा हातात घेतला.

सुनेत्रा हसली. औषधाचं नाव ठेवलं होतं 'ओलावा'. गाव त्याला नुसते 'थेंब' म्हणू लागलं.

पुढच्याच उन्हाळ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि सरकारनं थेंब सगळीकडं दिले. सक्ती नव्हती. शाळेच्या फाटकात पोलिओसारखं टेबल मांडलेलं, मान वर करायची, दोन थेंब घ्यायचे, भिंतीवरच्या झेंड्याकडं बघायचं आणि आत जाऊन बटण दाबायचं. काकूंनीही घेतले. लेकीचं औषध, नाही कसं म्हणणार?

अहाहा! काय वाटलं म्हणून सांगू त्यांना! रांगेतली माणसं सख्ख्या भावंडांसारखी दिसायला लागली. ज्या हणमंतरावांनी जन्मात वीस मिनिटांच्या वर रांग धरली नव्हती, ते उन्हात उभे राहून पुढच्या म्हातारीवर स्वतःची टोपी धरत होते. शालू नेसलेली ती जुनी मालन कुठूनशी परत आली होती. गुडघे नव्हतेच जणू. शाळेची भिंत, भिंतीवरचा नकाशा, आवारातला तो गळका नळ, सगळ्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला. घरी येऊन त्या हमसून रडल्या. सुखानं. इतक्या वर्षांत असं रडणं नशिबी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती अंग मोडून. गिरणी उघडायला निघाल्या तर शाळेच्या आवारात चिखल. नळ वाहतच होता. त्या नळासाठी काकूंनी पंचायतीत किती खेटे घातले होते! आणि काल तोच नळ डोळ्यांसमोर होता, पाणी फुकट जात होतं, आणि आपण कौतुकानं बघत उभ्या राहिलो. तोंडातून अवाक्षर निघालं नाही. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. मतदान विक्रमी झालं होतं, सुनेत्राचा फोटो पेपरात आला होता.

* * *

मग आली ती सव्वीस जानेवारी. ग्रामसभेला थेंब देण्याचा पहिला प्रयोग तांबडमाळात होणार होता. सुनेत्रानंच गाव सुचवलं होतं. सभा भरली तर थेंब राज्यातल्या गावोगावी जाणार होते. तिची सात वर्षांची मेहनत त्या एका सकाळवर येऊन थांबली होती.

सभेपुढं ठरावही तसाच मोठा होता. देशाची म्हणून जी मोठी विचारयंत्रं आहेत, हवामानापासून लढाईपर्यंत सगळं सांगणारी, त्यांतलं एक माळावर बसणार होतं. 'माहितीघर' म्हणत त्याला. असली यंत्रं भट्टीसारखी तापतात. ती थंड ठेवायला गावच्या पाझर तलावाचं पाणी द्यायचं होतं. त्या बदल्यात गावातल्या पोरांना काम आणि पक्का रस्ता. काकूंनी ठरावाचा मसुदा दोनदा वाचला. वाईट काही नव्हतं. देशाला यंत्र पाहिजे, मान्य. फक्त एक गोष्ट कुठं सापडेना. होळीनंतर तलाव तळाला जातो. तेव्हा उरलेलं पाणी आधी कुणाचं? गावाच्या नळाचं की यंत्राचं? मसुद्यात 'बारमाही' एवढंच लिहिलेलं.

त्या सकाळी टेबलापाशी काकूंनी मान वर केली नाही. "मी नंतर घेते," म्हणाल्या आणि आत शिरल्या.

चावडीचं सभागृह फुललं होतं. दारात भाऊसाहेब डोकी मोजत होते. निम्मं गाव पुण्या-मुंबईला पोटामागं गेलेलं, त्यामुळं थेंब देऊनही माणूस काठावरच जमत होता. शेवटी काकू सतरंजीवर टेकल्या आणि भाऊसाहेब ओरडलेच, "शंभर! मालनकाकू, तुम्ही शंभराव्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच शहाजीराव स्वतः उठून आले, काकूंना नारळ दिला, त्यांच्या पाया पडले. आणि ते नाटक नव्हतं बरं का, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मागं भिंतीशी सुनेत्रा उभी होती, तिचा ऊर भरून आलेला. तिला थेंबांची गरज नव्हती. काकूंनी तीस वर्षं ज्या दृश्याची वाट पाहिली ते समोर होतं.

ठराव वाचून झाला. "कुणाला काही बोलायचंय?"

काकू उठल्या. "यंत्राला माझी ना नाही. एकच वाक्य घाला. होळीपासून पावसापर्यंत पाणी आधी गावाला, उरलं तर यंत्राला."

सगळं गाव मायेनं त्यांच्याकडं बघत राहिलं. कुणी विरोध केला नाही. कुणी हो म्हणालं नाही. "काय गोड बोलतात काकू!" पुढची सोनाबाई म्हणाली. परत टाळ्या पडल्या.

"अगं, टाळ्या काय वाजवतेस? मे महिन्यात तुझ्याच दारात टँकर येतो ना?"

"येऊ द्या की काकू. देशासाठी तहान सोसू आपण."

"अहो, तुम्ही तरी बोला!" काकूंनी हणमंतरावांकडं पाहिलं. ते टोपी छातीशी धरून बसले होते. "मालन," ते म्हणाले, आणि चारचौघांत तिला नावानं हाक मारायची ही त्यांची पहिलीच वेळ, "देशाकडं काय हिशेब मागायचा गं? आपलाच हाय त्यो."

शहाजीराव म्हणाले, "मग हात वर करा. भाऊसाहेब, मोजा."

काकूंनी क्षणभर सगळ्यांकडं पाहिलं. किती सुंदर दिसत होती माणसं! त्यांच्यात मिसळून जावं, दोन थेंब घ्यावेत आणि सगळा शीण उतरवून टाकावा असं आतून आतून वाटलं त्यांना. मग त्यांनी नारळ सतरंजीवर ठेवला, पदर खोचला आणि दाराकडं चालू लागल्या.

"काकू, कुठं? मतदान व्हायचंय!" भाऊसाहेब कळवळले. "तुम्ही गेलात तर नव्व्याण्णव! सभा तहकूब करावी लागंल!"

"करा," काकू म्हणाल्या.

* * *

सुनेत्रानं त्यांना गिरणीच्या पायरीवर गाठलं.

"तीस वर्षं, आई! तीस वर्षं तू या दिवसासाठी गावाच्या नावानं बोटं मोडलीस. मी हे कुणासाठी केलं? लहानपणी तू सभेवरून एकटी परत यायचीस, तेव्हा मी दारात बसलेली असायचे. तुझं ते तोंड बघायचे. तेवढ्यासाठी केलं मी हे!"

"ठाऊक आहे मला."

"मग का मोडलीस?"

"शंभर माणसं होती गं, पण सभा कुठं होती?" काकू पायरीवर बसल्या. "आपलं लेकरू म्हणून दप्तर तपासायचं नाही, असं असतं का? उलट आपलं म्हणूनच तपासायचं. तुझ्या थेंबांत जीव लावायचं तेवढं आहे, कान धरायचं नाही."

"ते पुढं सुधारता येईल. पण आता पुढं काही होणारच नाही. पुण्याला मी काय सांगू? माझ्याच आईनं प्रयोग पाडला म्हणून?"

लेकीचं वाटोळं केलं की काय, या विचारानं काकूंचं काळीज कुरतडत होतं.

"आणि तहकूब सभेला काय होतं ते तुला माहीत नाही का? शहाजीरावांची माणसं येतील आणि आहे तसा ठराव करतील. तू एकटी. काय मिळवलंस?"

"तू ये," काकू म्हणाल्या.

"माझं मत पुण्यात आहे, आई." सुनेत्रानं पिशवीतून निळी कुपी काढली आणि गिरणीच्या खिडकीत ठेवली. "थकलीस की घे. निदान तुला तरी बरं वाटेल." आणि ती गेली.

* * *

संध्याकाळपर्यंत थेंबांचा असर उतरला आणि गाव चिडलं. उतरल्यावर माणसं तशीही करवादतात. नारळ देऊन मान दिला तर बाईनं सभेला लाथ मारली, असं बोलणं झालं. हणमंतराव तर घुम्यासारखे झाले. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारल्याची त्यांना आता लाज वाटत होती आणि तिनं ती हाक ऐकूनही उठून जावं याचा रागही होता. दोघांत बोलणं उरलं ते भाजीत मीठ कमी-जास्त एवढंच.

तहकूब सभेचा रविवार उजाडला. काकूंना अंथरुणातून उठवेना. कशाला जायचं? सात-आठ जण हात वर करणार, आपण एकटीनं नको म्हणायचं. नाकी नऊ आले होते त्यांच्या. गिरणी उघडायला म्हणून गेल्या आणि खिडकीतली कुपी हातात घेतली. बूच काढलं. ओल्या मातीसारखा वास होता. दोन थेंब, की शहाजीरावही भावासारखे दिसतील, ठरावही आपला वाटेल, आणि गुडघ्यांची ही कळ जाईल. काकूंनी आत चाचपून पाहिलं, देशाबद्दल काही वाटतंय का. काही नाही. खडखडाट. फक्त मे महिन्यात हंडे घेऊन रांगेत उभ्या बायका दिसल्या, आणि आपली पाळी येईपर्यंत टँकर संपतो ते आठवलं.

त्यांनी बूच लावलं, कुपी कनवटीला खोचली, गिरणीचं दार ओढून कडी घातली आणि चावडीत गेल्या.

शहाजीराव होते, त्यांची सात माणसं होती. भाऊसाहेब जांभई देत होते. "काकू, होळीला अजून वेळ हाय," शहाजीराव नरमाईनं म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सही झाली की रस्ता लवकर सुरू होईल, एवढीच त्याला घाई. "ठराव करून टाकू. पाण्याचं मागनं बगू की."

"मागनं कोण बगतंय, शहाजी?" काकू खाली बसल्या. "मी नको म्हणायला आलेय. लिहून घ्या आणि मोकळे व्हा."

तेवढ्यात दारात आवाज झाला. सोनाबाई, डोक्यावर जोंधळ्याचा डबा. "काकू, गिरणी बंद का? घरात चिमूटभर पीठ न्हाई. पोरं वरडत्यात."

"सभा झाल्यावर उघडते."

"किती येळ लागल?"

"शहाजीला विचार."

सोनाबाईनं कपाळावर आठ्या घातल्या आणि डबा टेकवून बसली. तिच्यामागं दुसरी आली, तिच्यामागं तिघी. रविवार म्हणजे दळणाचा दिवस. बघता बघता सतरंजीच्या कडेला डब्यांची रांग लागली आणि डब्यांमागं त्रासलेल्या बायका. कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं की कुणाच्या अंगावर काटा नव्हता. "लवकर उरका," एवढंच जी ती म्हणत होती.

भाऊसाहेब ठराव वाचायला लागले. 'बारमाही' शब्द आला तशी सोनाबाई म्हणाली, "थांबा. बारमाही म्हंजी मे महिन्यात बी?"

"तुमीच तर परवा टाळ्या वाजीवल्या, वैनी," शहाजीराव म्हणाले.

"वाजीवल्या आसतील! परवा मी नाकात थेंब घालून बसले हुते. आज डोसक्यावर डबा हाय."

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत दारात हणमंतराव येऊन उभे राहिले. पायांत चपला, तोंड आंबट. काकूंनी मान वळवून घेतली.

"घरात चहाला कोण न्हाई," ते कुणालाच उद्देशून म्हणाले आणि बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसले. त्या सभागृहात थेंबांवाचून ते पहिल्यांदाच बसत होते. मग कंडक्टरच्या जुन्या आवाजात, शेवटच्या सीटपर्यंत जाणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "शहाजी, तलाव आटला तर आदी कुनाची तोटी बंद करनार, त्ये कागदावर हाय का न्हाई? हाय म्हन नायतर न्हाई म्हन."

शहाजीरावांनी कागद उलटून पाहिला. मग भाऊसाहेबांनीच हळूच सांगितलं, "नाही."

"मग घाल की. बायको बोंबलतीय कधीची."

वाद अर्धा तास चालला. आवाज चढले, एकमेकांची उणीदुणी निघाली, माहितीघराची कंपनी ऐकणार नाही म्हणून शहाजीरावांनी सांगून पाहिलं, ऐकली नाही तर दुसरा माळ बघू दे म्हणून सोनाबाईनं सुनावलं. शेवटी हात वर झाले. डब्यांमागचे हात जास्त भरले. होळीपासून पावसापर्यंत पाणी आधी गावाला. भाऊसाहेबांनी ते वाक्य लिहिलं आणि शहाजीरावांनी त्यावर सही केली. कुणी टाळी वाजवली नाही. बायका डबे उचलून गिरणीकडं धावल्या.

दाराबाहेर सुनेत्रा उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. आईजवळ जाऊन तिनं सवयीनं तिच्या मनगटाची नाडी धरली.

"आई, खरं सांग. घेतलेस का थेंब?"

काकूंनी कनवटीची कुपी काढून तिच्या हातावर ठेवली. बूच घट्ट होतं.

"आतून कसं वाटलं? मला अहवालात लिहायचंय. काही भरून आलं? अभिमान? काहीतरी?"

काकूंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "कमरेत कळ आली गं. सतरंजी पातळ आहे."

सुनेत्रा हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. तिनं कुपी पर्समध्ये टाकली. "मतदार ओळखपत्रावरचा माझा पत्ता बदलून घेते," ती म्हणाली. "इथला."

दुपार टळल्यावर शेवटचा डबा दळून काकूंनी गिरणीचा पट्टा उतरवला. अंगभर पीठ, पाय सुजलेले. हणमंतराव पायरीवर वाट बघत बसले होते. दोघं घराकडं चालू लागली, ते दोन पावलं पुढं, त्या मागं, नेहमीसारखी. शाळेपाशी नळ गळत होता. हणमंतराव थांबले, वाकून त्यांनी तोटी आवळली. थेंब काही थांबले नाहीत.

"वायसर गेलंय ह्याचं," ते म्हणाले. आणि मग पुढं बघतच, "पुढची सभा कवा हाय?"

तीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काकूंना वाटलं, आता काहीतरी बोलावं, चांगलंसं. पण त्या फार दमल्या होत्या.

"एक मे."

"उनाची?"

"उनाचीच."

"मग टोपी धुऊन ठिव माजी," हणमंतराव म्हणाले.